बिल्ला, मुक्काम आणि कंत्राट

सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या. साताऱ्याकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून आली होती. पुढे त्यांनी मालगाड्या चालवल्या, एप्रिल २००० मध्ये लेडीज स्पेशल लोकल चालवली, ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत. सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या.

एसटीच्या स्टेअरिंगवर बाई दिसायला मात्र २०२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी सासवड आगाराच्या गाडीवर एक चालक रुजू झाली, सिन्नर-नाशिक मार्गावर आणखी एक. दोघींच्याही बातम्या ‘पहिली महिला चालक’ म्हणून छापून आल्या. म्हणजे रेल्वेतल्या एका बाईची जवळजवळ सगळी कारकीर्द उरकली, तेव्हा कुठे राज्याच्या बसने सुरुवात केली. एसटी काही कर्मठ संस्था नव्हती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर गाडी सुटली तेव्हापासून गावोगावच्या मुलींना शाळा-कॉलेजात पोहोचवणारी गाडी हीच. मग तिच्या पुढच्या सीटवर बाई यायला पंच्याहत्तर वर्षे का लागली?

याची तयार उत्तरे आपल्याकडे असतात. ताकद लागते, रात्रीची ड्युटी असते, घर कोण बघणार. ही उत्तरे खरी असती तर रेल्वेतही तेच झाले असते. मालगाडी घेऊन घाट उतरणे हे सासवडच्या रस्त्यावर बस चालवण्यापेक्षा सोपे नाही, आणि रेल्वेच्या चालकाची रात्र बसच्या चालकापेक्षा वाईटच असते. फरक आहे तो चालक घडतो कुठे, यात.

रेल्वे चालक बाहेरून तयार होऊन येत नाही. डिप्लोमा किंवा आयटीआय करायचे, भरती मंडळाची परीक्षा द्यायची. पुढचे सगळे रेल्वे शिकवते. इंजिन चालवण्याचा परवाना आधीच खिशात असलेला उमेदवार रेल्वेला नको असतो, कारण तसा उमेदवार जगात नसतोच. त्यामुळे अभ्यासात हुशार असलेली मुलगी परीक्षा देऊन आत जाऊ शकली. सुरेखा यादव यांच्यानंतर मुमताज काझी आल्या, त्यांना २०१७ मध्ये नारी शक्ती पुरस्कार मिळाला. देशभरात २०१४ मध्ये ३७१ महिला लोको पायलट होत्या, आज ती संख्या दोन हजारांवर गेली आहे. दोन हजार म्हणजे फार नव्हेत, पण बातमी होण्याच्या पलीकडे गेलेला आकडा आहे.

रस्त्यावरचा चालक घडतो वेगळ्याच शाळेत. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. काच पुसतो, टायर ठोकून बघतो, उस्तादासाठी चहा आणतो, ढाब्याच्या खाटेवर झोपतो. मोकळा रस्ता मिळाला की उस्ताद त्याच्या हातात स्टेअरिंग देतो. कायद्याने आधी हलक्या वाहनाचा परवाना, तो निदान एक वर्ष जुना झाला की मगच वाहतुकीच्या वाहनाचा शिकाऊ परवाना, त्यानंतर हेवी लायसन्स, बिल्ला. महामंडळे जाहिरात काढायची ती या सगळ्यानंतरची: हेवी लायसन्स असलेला, काही वर्षांचा अनुभव असलेला उमेदवार पाहिजे. जाहिरातीत ‘फक्त पुरुष’ असे लिहायची गरजच नव्हती. क्लीनर म्हणून ढाब्यावर झोपून मोठी झालेली मुलगी कुणाला सापडणार होती?

या पेशात ज्या थोड्या बायका आल्या, त्या म्हणूनच आडवाटेने आल्या. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी यांनी कायद्याची पदवी घेतली होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर भोपाळहून त्यांनी मालवाहू ट्रक चालवायला घेतला आणि देशभर फिरवला. वकिली करून जे मिळत होते त्यावर घर चालेना, हा साधा हिशेब त्यामागे होता. तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या वसंतकुमारी १९९३ मध्ये राज्य परिवहनाच्या चालक झाल्या. आशियातली पहिली महिला बसचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हिमाचलच्या सीमा ठाकूर २०१६ मध्ये तिथल्या परिवहन महामंडळात आल्या आणि पुढे शिमला-चंडीगड ही आंतरराज्य गाडी नेऊ लागल्या. या तिघींच्या पराक्रमाविषयी शंका नाही. पण दर राज्यात एकेक नाव, आणि मध्ये दहा-दहा वर्षांचे अंतर, यावरून भरतीची पद्धत बायकांना आत घेते असे कुणी म्हणू शकणार नाही.

महाराष्ट्रात दुसरी एक शिडी होती, रिक्षाची. शिला डावरे परभणीहून पुण्यात आल्या आणि १९८८ मध्ये रिक्षा चालवू लागल्या. रेल्वेतली सुरुवात आणि रिक्षातली सुरुवात अशी जवळजवळ एकाच सुमाराची. पण रिक्षाला परमिट लागते, आणि परमिटांचा बाजार पुरुषांच्या ओळखीपाळखीवर चालतो. २०१६ मध्ये राज्याने रिक्षा परमिटांत बायकांसाठी पाच टक्के जागा राखल्या, ठाण्यात अबोली रंगाच्या रिक्षा दिसू लागल्या. त्याचा एक परिणाम कुणी योजला नसावा असा आहे. मे २०२२ मध्ये मुंबईत धारावी आगारातून बेस्टची बस घेऊन निघालेली बाई आधी रिक्षा चालवत होती. तीन चाकांवर हात बसला, गर्दीचे भय गेले, परवान्याची वर्षे भरली, मग हेवी लायसन्स. शिडीची खालची पायरी सरकारने बसवून दिली तर वरच्या पायऱ्या बायका आपल्या आपण चढतात, याचा हा पुरावा मला कुठल्याही सत्कार समारंभापेक्षा मोलाचा वाटतो.

एसटीनेही अखेर हे ओळखले. २०१९ च्या भरतीत बायकांसाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा धरला आणि जड वाहनाचे शिक्षण महामंडळाने स्वतः द्यायचे ठरवले. दीडशेहून अधिक मुलींची निवड झाली, त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणीही होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्यात माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते प्रशिक्षणाची सुरुवात झाली. पद होते ‘चालक तथा वाहक’, म्हणजे गाडीही चालवायची आणि वेळ पडली तर तिकिटेही फाडायची. सहा महिन्यांत करोना आला, गाड्या आगारात उभ्या राहिल्या. त्यातून बाहेर पडतो न पडतो तोच २०२१ च्या दिवाळीला संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी होती, आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. निवड झालेल्या मुली या सगळ्या काळात लटकत होत्या. काहींची लग्ने झाली, काहींनी दुसरी कामे धरली असतील. ज्या टिकल्या त्यांच्यातल्या पहिल्या २०२३ मध्ये रस्त्यावर आल्या. उद्घाटनापासून पहिल्या गाडीपर्यंत जवळजवळ चार वर्षे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले होते, आणि गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या होत्या. मागे पन्नास बायका आणि पुढे एक, हे दृश्य वर्तमानपत्रांना आवडणे साहजिक होते.

तेव्हा दार उघडले, हे मान्य. आता आत काय आहे ते पाहू, कारण खरा प्रश्न तिथे आहे आणि त्याबद्दल बातम्या येत नाहीत.

आत आधीपासून कोण होते? वाहक. एसटीत बाई कंडक्टर म्हणून चालकाच्या कितीतरी आधी आली, आणि चालक होऊ पाहणाऱ्या मुलीने काय वाढून ठेवले आहे हे तिला विचारावे. इतरत्रही असेच झालेले दिसते. लंडनमध्ये पहिल्या महायुद्धात बायका बसवर कंडक्टर होत्या, दुसऱ्या महायुद्धातही होत्या. पण लंडनच्या बसचे स्टेअरिंग जिल व्हायनर यांच्या हातात आले ते १९७४ मध्ये. तिकीट कापण्यापासून गिअर टाकण्यापर्यंत जाताना दोन पिढ्या जातात, असे दिसते. आपल्याकडच्या महिला वाहकांनी जे सोसले त्यात दोन गोष्टी मुख्य: लघवीला जायला जागा नाही, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवसभर उभे राहून गरोदरपण. गर्भपाताच्या तक्रारी वाढल्या, संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा २०१७ मध्ये दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना गरोदर वाहकांना टेबलावरचे काम आणि वाढीव रजा देण्याचा निर्णय झाला. निर्णय चांगला. आगारात टेबले किती, हा पुढचा प्रश्न. टेबल नसेल तर बाईला ‘स्पेअर’मध्ये, म्हणजे काम न देता राखीव, बसवतात किंवा रजेवर जा म्हणतात. चालकाची गोष्ट याहून अवघड आहे. गाडी चालवणाऱ्या गरोदर बाईला हलके काम देणे म्हणजे तिला चालकाच्या कामातून काढणेच, आणि दोन-चार चालकांवर चाललेल्या मार्गावरून एक चालक सहा-नऊ महिने काढायचा तर तिच्या जागी कुणीतरी लागतोच. हा बदली माणूस हिशेबात धरलेला नसतो. मग आगारप्रमुख पुढच्या वेळी म्हणतो, बायका नकोत बाबा. वाईट माणूस म्हणून तो तसे म्हणत नाही. त्याच्या शेड्युलमध्ये माणूस कमी पडतो म्हणून म्हणतो.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. खेड्यातल्या वाचकाला मुक्कामी गाडी सांगायला नको. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची गाडी गावात येते, रात्री तिथेच राहते आणि पहाटे शाळा-बाजार-दवाखान्याची माणसे घेऊन परत निघते. या एका गाडीवर हजारो खेड्यांची सकाळ उभी आहे. चालक-वाहक झोपतात गाडीतच, नाहीतर देवळात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कुणी जेवायला बोलावले तर त्याच्या अंगणात. पहाटे अंघोळ विहिरीवर किंवा नाहीच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सांगून ठेवले होते की कामगाराला जिथे रात्री थांबावे लागते तिथे स्वच्छ, हवेशीर, उजेडाची विश्रांतीची खोली मालकाने द्यावी. पुरुष चालकांनी साठ वर्षे ही खोली मागितली नाही असे नाही. मागितली, मिळाली नाही, आणि मग देवळाच्या ओट्याची सवय झाली. बाई चालक आली की पहिला विचार येतो तो तिला मुक्कामाची गाडी द्यायची नाही. दिवसपाळीच द्यायची. वरवर पाहता ही कणव आहे. पण आगारात दिवसपाळ्या मोजक्या असतात आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे सेवाज्येष्ठतेने रांग लागलेली असते. वीस वर्षे मुक्काम करून पाठ मोडलेला चालक दिवसपाळीची वाट पाहत असतो आणि नवी आलेली बाई ती घेऊन जाते. त्याचा राग समजण्यासारखा आहे. तो राग बाईवर निघतो, खोली न बांधणाऱ्यावर निघत नाही. शिवाय मुक्कामाबरोबर भत्ता जातो, जादा कामाचे पैसे जातात. म्हणजे दिवसपाळीवर ठेवलेली बाई महिनाअखेरीस कमीच घरी नेते.

माझे मत असे की पहिली मागणी खोलीची असायला हवी, दिवसपाळीची नंतर. खोली बांधली की पुरुषही तिथे झोपेल. रेल्वेने बायकांना आत घेताना सोय आधी न करण्याची चूक केली: बहुतेक इंजिनांत स्वच्छतागृह नाही, आणि पुरुष लोको पायलटही वर्षानुवर्षे त्याबद्दल ओरडत आहेत. काही महिला लोको पायलटांनी या कारणासाठी कामाचा प्रकार बदलून मागितला, तेव्हा त्याची चर्चा झाली. चालकाला दिवसभर पाणी न पिता गाडी हाकावी लागते हे चालक पुरुष होते तोवर कुणाला खटकत नव्हते.

बायका गाडी कशी चालवतात, प्रवासी त्यांना स्वीकारतात का, हे विषय मी मुद्दाम सोडून देतो. गाडी वेळेवर आली तर प्रवासी चालकाच्या तोंडाकडे बघत नाही.

रंगांचा एक उपप्रश्न आहे, तो मात्र सोडता येत नाही. बायकांना वाहतुकीत आणायचे म्हटले की आपल्याकडे आधी रंग ठरतो. मुंबईत २००७ मध्ये ‘फॉर-शी’ ही बायकांनी बायकांसाठी चालवलेली टॅक्सी सेवा निघाली, पाठोपाठ प्रियदर्शिनी आली. मग तेजस्विनी बस, गुलाबी रिक्षा. २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्याने दहा हजार बायकांना गुलाबी ई-रिक्षा द्यायची योजना मांडली: वीस टक्के सरकार देणार, सत्तर टक्के कर्ज, दहा टक्के बाईने घालायचे. योजनेला नावे ठेवण्याचे कारण नाही, रिक्षाची पायरी महत्त्वाची आहे असे मी वर म्हणालोच. पण रंगाने एक गडबड होते. गुलाबी गाडीवरच्या बाईकडे लोक ‘बायकांसाठीची गाडी’ म्हणून बघतात, पुरुष प्रवासी बिचकतो, आणि धंदा निम्म्या गिऱ्हाइकांवर येतो. हप्ता मात्र पूर्ण गाडीचा असतो. रेल्वेने माटुंगा स्टेशन २०१७ मध्ये पूर्णपणे बायकांकडे दिले, तिथे स्टेशन गुलाबी रंगवले नाही म्हणून गाड्या थांबायच्या राहिल्या नाहीत.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती. दिल्लीने महिला बसचालकांबाबत बाकीच्या राज्यांपेक्षा जास्त केले, हे मान्य करावे लागेल. तेलंगणातून आलेल्या व्ही. सरिता २०१५ मध्ये दिल्ली परिवहन निगमच्या पहिल्या महिला चालक झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने बायकांसाठी उंचीची अट १५९ सेंटिमीटरवरून १५३ वर आणली आणि अनुभवाची अट तीन वर्षांवरून एक महिन्यावर. म्हणजे वर सांगितलेली क्लीनरवाली भिंतच पाडली. बायका खरोखर आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरोजिनी नगरला ‘सखी’ आगार उघडले: चालक, वाहक सगळ्या बायका, सव्वादोनशेच्या आसपास. आणि उद्घाटनाच्या दिवशीच तिथल्या कर्मचारी बायकांनी निदर्शने केली. त्यांचे म्हणणे सरळ होते: आम्ही कंत्राटी आहोत, पगार ठरलेला नाही, किलोमीटर भरले तर पैसे, गाडी नादुरुस्त झाली किंवा मार्ग मिळाला नाही तर हातात काही नाही. कायम करा.

महाराष्ट्रातही हेच घडताना दिसते. धारावीहून २०२२ मध्ये निघालेली ती बस बेस्टची असली तरी तिची चालक कंत्राटदाराची नोकर होती. बेस्टने २०१९ पासून भाड्याच्या गाड्या घेतल्या, गाडी आणि चालक ठेकेदाराचे, कंडक्टर बेस्टचा. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी पगारासाठी आठवडाभर गाड्या बंद ठेवल्या आणि मुंबईकर थांब्यांवर ताटकळले, तेव्हा लाल रंगाच्या बसमागे किती मालक आहेत हे पुष्कळांना पहिल्यांदा कळले. एसटीने ५,१५० विजेच्या गाड्या याच पद्धतीने भाड्याने घेण्याचा करार केला. गाड्या वेळेत आल्या नाहीत, तो भाग निराळा. सप्टेंबर २०२५ मध्ये एसटीने १७,४५० चालक आणि सहायक भरण्याचे जाहीर केले, तेही कंत्राटी.

ज्या नोकरीसाठी मुलीने चालक व्हावे असे घरच्यांना वाटू शकते ती नोकरी कोणती? कायम पगार, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणात रजा, नवरा सोडून गेला तरी डोक्यावर छप्पर ठेवणारी. एसटीचा पगार कधीच भरघोस नव्हता, तो वेळेवर होत नाही हेही संपामागचे एक कारण होते. तरीही यवतमाळच्या पाड्यावरची मुलगी ‘एसटीत लागली’ याला गावात अर्थ होता. ‘ठेकेदाराकडे लागली’ याला तो अर्थ नाही. बायकांसाठी स्टेअरिंग मोकळे होण्याचा काळ आणि त्या स्टेअरिंगमागची नोकरी पातळ होण्याचा काळ एकच निघाला. हा कट आहे असे मी म्हणत नाही. पण कंत्राटी चालक मिळेनासे झाले, पुरुष डिलिव्हरीच्या आणि ओला-उबरच्या गाड्यांकडे वळले, म्हणून जागा रिकाम्या पडल्या आणि म्हणून बायका आठवल्या, हा क्रम नजरेआड करू नये.

याच्या उलट बाजूनेही बोलता येते आणि ती बाजू पोकळ नाही. ठेकेदाराला सेवाज्येष्ठतेची रांग नसते, आरक्षणाची बिंदुनामावली नसते; उद्या बायका घ्यायच्या ठरवल्या तर उद्या घेतो. विजेच्या बसला क्लच नाही, गिअर नाही, स्टेअरिंग बोटाने वळते; ती रात्री चार्जिंगला आगारात परत येतेच, त्यामुळे निदान शहरात मुक्कामाचा प्रश्न मिटतो. धारावीच्या त्या बाईला कायम भरतीची वाट बघावी लागली असती तर ती अजून रिक्षाच चालवत असती. हे सगळे खरे धरूनही माझा कौल बदलत नाही. ठेकेदार ज्या सहजतेने घेतो त्याच सहजतेने काढतो, आणि गरोदर चालकाच्या जागी बदली माणूस देण्याची सक्ती त्याच्यावर कुणीच केलेली नाही.

ती सक्ती करता येते. गाड्या भाड्याने घेताना निविदेत बॅटरीची क्षमता, आसने, चार्जिंगचा वेळ, दर किलोमीटरचा भाव, उशिराचा दंड असे शेकड्याने मुद्दे बारकाईने लिहिलेले असतात. चालकांत बायका किती, त्यांचा किमान मासिक पगार किलोमीटरशिवाय किती, प्रसूती रजेतल्या बदलीचा खर्च कुणाचा, एवढी तीन कलमे त्यात घालायला विधानसभेत कायदा करावा लागत नाही. परवान्यासाठीही तेच: एसटीची प्रशिक्षण केंद्रे आहेत, जुन्या गाड्या आहेत, निवृत्तीला आलेले शिकवणारे चालक आहेत, भरतीची वाट न बघता दरवर्षी ठरावीक मुलींना हेवी लायसन्सपर्यंत नेऊन सोडले तरी पुढच्या जाहिरातीच्या वेळी उमेदवार नाहीत ही सबब उरणार नाही. आणि राज्यभरच्या अडीचशेच्या आसपास आगारांपैकी अनेकांत सध्या विजेच्या गाड्यांसाठी फरशा उखडून केबल टाकायची कामे निघत आहेत. त्याच कंत्राटात चालकांसाठी बाहेरून कडी लागणार नाही अशी, आत पाणी असलेली दोन स्वच्छतागृहे आणि झोपायची एक खोली धरायला किती खर्च येईल, हे महामंडळाच्या स्थापत्य विभागाला दोन दिवसांत सांगता येईल. त्यांना कुणी विचारायला हवे.